‘सगळ्यात जबरदस्त’ औषध नेमकं कुणाला मारतं?

पत्राचा सारांश : वय ६४. चार महिन्यांपूर्वी दाढेत पू झाला. लहानपणी पेनिसिलिनने अंगावर पुरळ उठलं होतं असं घरात सांगत आले, म्हणून दंतवैद्यांनी क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक दिलं. आठवड्याभरात पाण्यासारखे जुलाब सुरू झाले आणि तपासणीत सी डिफ, म्हणजे क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल हा आतड्यात विष सोडणारा जिवाणू, निघाला. दहा दिवस मेट्रोनिडॅझोल घेतलं, बरं वाटलं आणि तीन आठवड्यांनी आजार उलटला. मग व्हँकोमायसिन १२५ मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, दहा दिवस. चौथ्या दिवशीच पोट ताळ्यावर आलं. कोर्स संपून सोळावा दिवस उजाडला तो पुन्हा सात-आठ वेळा पातळ शौच घेऊन, आणि विषाची तपासणीही पॉझिटिव्ह आली. आता डॉक्टरांनी दोन पर्याय दिलेत : व्हँकोमायसिन हळूहळू कमी करत दीड-दोन महिने, किंवा फिडॅक्सोमायसिन. विष्ठा प्रत्यारोपणाचाही, म्हणजे निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू आतड्यात सोडण्याचा, विषय निघाला, पण ऐकूनच किळस आली. भाऊ म्हणतो, दोन औषधं एकत्र घे, जास्त डोसने घे. बाईंचा प्रश्न : यातलं सगळ्यात जबरदस्त कोणतं? या वेळी तपासणी निगेटिव्ह येईपर्यंत औषध थांबवायचं नाही असं ठरवलंय, ते बरोबर ना?

उत्तर :

तुमच्या पत्रात ‘जबरदस्त’ हा शब्द पाच वेळा आलाय. तुमचा वैताग समजतो, पण आधी त्या शब्दाकडेच बघू, कारण औषधाची निवड तिथेच चुकते.

तुम्हीच लिहिलंय की व्हँकोमायसिनच्या चौथ्या दिवशी पोट ताळ्यावर आलं. औषध कमजोर असतं तर जुलाब थांबलेच नसते. ते थांबले आणि औषध बंद झाल्यावर परत आले. या दोन गोष्टींची कारणं वेगळी आहेत. सी डिफ दोन रूपांत राहतो. एक वाढणारं, विष सोडणारं रूप. जुलाब त्याच्यामुळे होतात आणि औषध त्यालाच मारतं. दुसरं रूप बीजाणूचं. तो कठीण कवचात झोपलेला असतो, खात नाही, वाढत नाही, त्यामुळे डोस चौपट केला तरी त्याला काही होत नाही. औषधाला दाद न देणारा जंतू तयार झालाय म्हणून आजार उलटला, असं फार क्वचित घडतं. त्यामुळे ‘मागचं औषध हरलं, आता त्याच्यापेक्षा वरचं’ ही पायरी इथे लागू पडत नाही.

मग बीजाणू जागा का होतो? उत्तर पित्तात आहे. यकृतातून येणारे काही पित्तक्षार बीजाणूला जागं करतात. निरोगी मोठ्या आतड्यातले काही जिवाणू या पित्तक्षारांचं रूप बदलतात, आणि बदललेले पित्तक्षार सी डिफला वाढू देत नाहीत. हे काम करणारे जिवाणू क्लिंडामायसिनने मारले, उरलेसुरले नंतरच्या दोन कोर्सने. तणनाशक कितीही जालीम मारा, मोकळ्या रानात पहिल्यांदा उगवतं ते तणच.

म्हणून औषधांची तुलना ‘सी डिफला कोण जास्त मारतं’ यावर करू नका. मारण्याच्या कामात व्हँकोमायसिन आणि फिडॅक्सोमायसिन जवळपास बरोबरीला आहेत. फरक आहे तो बाकीच्यांना कोण कमी मारतं यात.

मेट्रोनिडॅझोल तुमच्यासाठी आता यादीतच नाही. तोंडाने घेतलं की ते बरंचसं वरच्या आतड्यातच रक्तात शोषलं जातं. मोठ्या आतड्यात पोहोचतं ते मुख्यतः जुलाब चालू असताना. पोट सुधारू लागलं की विष्ठेतलं औषधाचं प्रमाण घसरतं, म्हणजे नेमकं नको तेव्हा. शिवाय वारंवार किंवा लांबलचक कोर्स झाले तर हातापायांच्या नसांना इजा होऊ शकते, मुंग्या आणि बधिरपणा येतो, आणि तो लगेच जातोच असं नाही. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असलेल्यांनी तर आणखी सांभाळायचं, कारण मेट्रोनिडॅझोल त्याचा परिणाम वाढवतं. आज ते फक्त पहिल्याच, सौम्य आजारात आणि दुसरं काही मिळत नसेल तरच देतात.

भावाचा सल्ला, म्हणजे दोन औषधं एकत्र आणि मोठा डोस, कुठून आला असेल याचा अंदाज आहे. अतिगंभीर आजारात, म्हणजे रक्तदाब कोसळलाय, आतडं हलायचं थांबलंय किंवा फुगून ताणलंय अशा वेळी, रुग्णालयात व्हँकोमायसिन ५०० मिलिग्रॅम चार वेळा आणि सोबत शिरेतून मेट्रोनिडॅझोल देतात. आतडं हलत नसल्यामुळे तोंडाने घेतलेलं औषध खाली पोहोचेल याची तिथे खात्री नसते, हे त्याचं कारण. तुमचं आतडं हलतंय, जरा जास्तच हलतंय. तुम्हाला १२५ मिलिग्रॅम पुरतं. तोंडाने घेतलेलं व्हँकोमायसिन रक्तात जवळपास जात नाही, सगळं आतड्यातच राहतं, त्यामुळे या डोसलाही विष्ठेतलं प्रमाण जंतू मारायला लागतं त्याच्या कितीतरी पट असतं. उलट, शिरेतून दिलेलं व्हँकोमायसिन मोठ्या आतड्याच्या पोकळीत उतरतच नाही. ‘सलाईनमधून दिलं की जोरात लागू पडतं’ असं कुणी सांगितलं तर या आजारापुरतं ते साफ चूक आहे.

आता तुमच्यापुढचे दोन खरे पर्याय.

व्हँकोमायसिन उतरवत नेण्याची पद्धत साधारण अशी असते : १० ते १४ दिवस रोज चार वेळा, मग एक आठवडा रोज दोन वेळा, मग एक आठवडा रोज एकदा, आणि त्यानंतर दोन ते आठ आठवडे दर दोन किंवा तीन दिवसांनी एकदा. प्रत्येक वेळी १२५ मिलिग्रॅमच. मधल्या रिकाम्या दिवसांत झोपलेले बीजाणू जागे होतात आणि पुढच्या डोसला सापडतात, तोवर इतर जिवाणूंना डोकं वर काढायला थोडी उसंत मिळते, अशी यामागची कल्पना आहे. औषध सहज मिळतं, अनुभव जुना आहे. उणीव अशी की व्हँकोमायसिन आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंनाही बऱ्यापैकी झोडपतं, आणि तुम्ही ते दोन महिने घेणार.

या पद्धतीत जे बिघडतं ते बहुतेक शेवटच्या टप्प्यात. पोट महिनाभर चांगलं असतं, ‘आता कशाला’ म्हणून डोस सुटतात. किंवा दिवसांचा घोळ होतो : ‘दर तीन दिवसांनी’ हे वारांशी जुळत नाही, या आठवड्यात सोमवार-गुरुवार आले तर पुढे रविवार येतो. म्हणून कोर्स सुरू करण्याच्या दिवशीच कॅलेंडरवर शेवटच्या डोसपर्यंतच्या सगळ्या तारखांना खूण करा आणि डोस मोजून घ्या. १४ दिवसांचे ५६, पुढचे १४, मग ७, आणि चार आठवडे दर तीन दिवसांनी धरले तर साधारण १०. एकूण ८७ च्या आसपास. एवढं औषध शेवटपर्यंत मिळेल का, हे पहिल्या दिवशी विचारून ठेवायचं. मध्ये चार दिवस औषध संपलं तर मांडलेलं सगळं विस्कटतं.

कॅप्सूल मिळत नसतील तर शिरेतून देण्याच्या व्हँकोमायसिनच्या बाटलीपासून तोंडाने घ्यायचं द्रावण करतात. ५०० मिलिग्रॅमच्या बाटलीत १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी घातलं की दर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम होतं, म्हणजे एक डोस अडीच मिलिलिटर. तो थोड्या पाण्यात मिसळून प्यायचा, चव कडू असते. हे द्रावण औषधनिर्मात्याकडूनच करून घ्या, फ्रिजमध्ये ठेवा आणि ते किती दिवस टिकेल हे बाटलीवर लिहून घ्या. आणखी एक, फारसं न सांगितलं जाणारं : जुलाबासाठी किंवा कोलेस्टेरॉलसाठी कोलेस्टायरामिनची पूड चालू असेल तर ती व्हँकोमायसिनला आतड्यातच चिकटून निकामी करते. डॉक्टरांना ती आठवणीने सांगा. ६५ च्या पुढच्यांमध्ये आणि मूत्रपिंड आधीच नाजूक असलेल्यांमध्ये कोर्सदरम्यान क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासणं शहाणपणाचं, कारण आतडं फार सुजलेलं असेल तर थोडं औषध रक्तात जाऊ शकतं.

फिडॅक्सोमायसिन २०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, दहा दिवस. तेही आतड्यातच राहतं, पण त्याचा मारा अरुंद आहे : सी डिफवर नेमका, बॅक्टेरॉइड्स वर्गातल्या उपयोगी जिवाणूंवर फारसा नाही. शिवाय ते जंतूला नवे बीजाणू आणि विष बनवू देत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत बरं होण्याचं प्रमाण दोन्ही औषधांत जवळपास सारखं होतं, पण नंतर आजार उलटण्याचं प्रमाण व्हँकोमायसिनमध्ये सुमारे २५ टक्के तर फिडॅक्सोमायसिनमध्ये सुमारे १५ टक्के निघालं. एकदा आजार उलटलेल्यांचा वेगळा हिशोब मांडला तेव्हा हे आकडे सुमारे ३५ आणि २० टक्के होते. जंतूच्या एका आक्रमक जातीत मात्र त्या चाचणीत हा फायदा दिसला नाही, आणि तुमच्यासारखे दोनदा आजार उलटलेले रुग्ण अशा चाचण्यांत फारसे नव्हते. तरी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या संसर्गतज्ज्ञांच्या संघटनांनी आपापल्या मार्गदर्शक सूचना सुधारल्या तेव्हा दोघींनीही फिडॅक्सोमायसिनला पुढे ठेवलं.

या गोळ्या घेण्याची लांबवलेली पद्धतही आहे, आणि ती फार कमी जणांना माहीत असते. पहिले पाच दिवस रोज दोन, मग सातव्या दिवसापासून पंचविसाव्या दिवसापर्यंत दिवसाआड एक. मोजा : दहा आणि दहा, वीसच गोळ्या. डबा तोच, खर्च तोच, फक्त पसरलेला. साठ वर्षांच्या पुढच्या रुग्णांमध्ये व्हँकोमायसिनच्या दहा दिवसांच्या कोर्सशी याची तुलना झाली तेव्हा बरं होऊन बरंच राहण्याचं प्रमाण ७० टक्के विरुद्ध ५९ टक्के आलं. औषध महाग आहे, सगळीकडे मिळत नाही. एरिथ्रोमायसिन, ॲझिथ्रोमायसिनसारख्या औषधांनी पूर्वी पुरळ किंवा सूज आली असेल तर आधी सांगायला हवं.

तुमच्या जागी दोन्ही औषधं मिळत असतील आणि परवडत असतील तर झुकतं माप फिडॅक्सोमायसिनला, शक्यतो लांबवलेल्या पद्धतीने. मिळत नसेल किंवा खर्च पेलत नसेल तर नीट पाळलेला व्हँकोमायसिनचा उतरता कोर्स हा काही नाइलाजाचा पर्याय नाही. दहा दिवसांचा तोच साधा व्हँकोमायसिन कोर्स पुन्हा घेणं मात्र टाळा. व्हँकोमायसिन दहा दिवस आणि त्यामागून रिफॅक्सिमिन हे दुसरं अँटिबायोटिक ४०० मिलिग्रॅम तीन वेळा, वीस दिवस, असाही एक पर्याय यादीत असतो. पूर्वी रिफॅम्पिसिन हे टीबीवरचं औषध बराच काळ घेतलेलं असेल तर तो कमी भरवशाचा. शोधताना बेझलोटॉक्सुमॅब नावाचं, विषाला बांधून ठेवणारं इंजेक्शन सापडलं तर त्याच्या मागे लागू नका, कंपनीने ते २०२५ च्या सुरुवातीला बंद केलं.

आता विष्ठा प्रत्यारोपणाची किळस. ती स्वाभाविक आहे, पण त्या उपायाला खोलीबाहेर उभं करू नका. रानात पीक परत लावण्याचं काम थेट करणारा तो एकच उपाय आहे. पहिल्या आजारानंतर पाचातल्या साधारण एकाला तो उलटतो, एकदा उलटल्यावर दहातल्या चारेक जणांना, आणि पुढे हे प्रमाण निम्म्याहून जास्त होतं. तुम्ही त्या तिसऱ्या गटाच्या उंबरठ्यावर आहात. २०१३ मध्ये नेदरलँड्समधून प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वारंवार आजार उलटणाऱ्या १६ जणांना निरोगी दात्याच्या विष्ठेचं द्रावण दिलं, त्यातले १३ पहिल्याच वेळी बरे झाले. नुसतं व्हँकोमायसिन घेतलेल्या १३ पैकी चारच. फरक इतका मोठा होता की चाचणी मध्येच थांबवावी लागली. किळसवाणं वाटणारं द्रावण हे त्याचं एकच रूप आहे असंही नाही. उपयोगी जिवाणूंच्या शुद्ध केलेल्या बीजाणूंच्या कॅप्सूलला अमेरिकेत २०२३ मध्ये मंजुरी मिळाली : रोज चार, तीन दिवस. हे काहीही अँटिबायोटिकऐवजी घेत नाहीत, अँटिबायोटिकने जुलाब आवरल्यावर देतात. आणि घरगुती प्रयोग अजिबात नको. दात्याची नीट तपासणी न झाल्याने औषधांना न जुमानणारा जंतू रुग्णात गेला आणि त्यातून मृत्यू झाला, असं २०१९ मध्ये घडलेलं आहे. हा कोर्सही फसला तर पुढचं पाऊल हेच असेल का आणि कुठे होईल, हे डॉक्टरांना आताच विचारून ठेवा. चौथ्यांदा जुलाब सुरू झाल्यावर शोधाशोध करायला अंगात त्राण नसतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. तपासणी निगेटिव्ह येईपर्यंत औषध चालू ठेवू नका. पूर्ण बऱ्या झालेल्या माणसाच्या विष्ठेतही हा जंतू किंवा त्याचं जनुक कित्येक आठवडे सापडू शकतं. जंतूचं जनुक शोधणारी पीसीआर तपासणी तर जंतू विष बनवतोय की नुसता पडून आहे हेही सांगत नाही. बरं झालंय का हे शौचाच्या घट्टपणावरून आणि वेळांवरून ठरवायचं. बांधलेली शौच तपासणीला देऊच नये. दिवसात तीन किंवा जास्त वेळा पातळ होत असेल आणि आदल्या दोन दिवसांत रेचक घेतलेलं नसेल तरच नमुना द्यायचा. निगेटिव्हच्या हट्टापायी माणसं महिनोन् महिने गरज नसलेलं व्हँकोमायसिन घेतात आणि उपयोगी जिवाणूंना परत येऊच देत नाहीत.

याचीच दुसरी बाजू : बरं झाल्यावरही काही आठवडे, कधी काही महिने, पोट बिघडल्यासारखं राहतं. मुरडा येतो, एखाद-दोनदा सैल होतं. प्रत्येक वेळी तो आजार उलटलेलाच असतो असं नाही, संसर्गानंतर चिडलेलं आतडं असं वागतं. एका वहीत रोज दोनच गोष्टी लिहा, किती वेळा आणि पाण्यासारखी की सैल. डॉक्टरांना ‘परत सुरू झालं’ यापेक्षा ती दोन पानं जास्त कळतील.

औषध सुरू केल्यावर तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत उतार दिसायला हवा. दुसऱ्या दिवशी फरक नाही म्हणून औषध बदलायला लावू नका, पण पाचव्या दिवशीही जैसे थे असेल तर निदानच पुन्हा तपासायला हवं. तोवर ओआरएस पीत राहा. लोपेरामाइडसारखी जुलाब अडवणारी गोळी मनाने घेऊ नका, विष आतच साचतं. पोट फुगून ताठ झालं, ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला, शौचातून रक्त आलं, उभं राहिल्यावर भोवळ आली किंवा लघवी कमी झाली तर त्याच दिवशी रुग्णालयात. आणि जुलाब अचानक थांबून पोट फुगत गेलं तर ते बरं होण्याचं लक्षण समजू नका, तिथे तासांचा हिशोब असतो. डॉक्टर पांढऱ्या पेशी आणि क्रिएटिनिन बघतील : पेशी १५,००० किंवा जास्त, किंवा क्रिएटिनिन १.५ च्या वर, म्हणजे आजार गंभीर गटात.

घरात : अल्कोहोलच्या सॅनिटायझरने बीजाणू मरत नाहीत. साबण आणि वाहतं पाणी, नीट चोळून, हे त्यांना हातावरून धुऊन काढतं. शक्य असेल तर जुलाब थांबेपर्यंत वेगळं शौचालय. नसेल तर बैठक, फ्लशचा खटका, नळ आणि दाराची कडी रोज ब्लीचने पुसा. साधारण ५ टक्क्यांचं घरगुती ब्लीच एक भाग, पाणी नऊ भाग, रोज ताजं केलेलं, आणि लावल्यावर दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. लगेच पुसून टाकलं तर लावलं न लावलं सारखंच. ॲसिड किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

प्रोबायोटिकच्या कॅप्सूलने हा आजार उलटायचा थांबतो याला भक्कम पुरावा नाही. घेतल्याच तर औषधाऐवजी नको, आणि प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांनी नकोच. ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर ती कशासाठी सुरू झाली होती हे विचारा. ठोस कारण नसेल तर थांबवता येईल, असेल तर या आजाराच्या भीतीने सोडू नका.

राहिली ती दाढ. क्लिंडामायसिन हे सी डिफला वाट करून देणाऱ्या औषधांत अगदी वरच्या ओळीत आहे, आणि ते तुम्हाला मिळालं लहानपणीच्या एका पुरळामुळे. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचं कागदावर लिहिलेल्या दहा जणांपैकी सुमारे नऊ जणांना तपासल्यावर ती नसल्याचं आढळतं. पोट दोन-तीन महिने शांत राहिलं की ॲलर्जीतज्ज्ञांकडून ही तपासणी करून घ्या. तोवर एक चिठ्ठी पाकिटात ठेवा : सी डिफ, दोनदा उलटलेला, तारखा, घेतलेली औषधं आणि त्यांचे दिवस. कोणतंही अँटिबायोटिक लिहिणाऱ्या प्रत्येकाला, दंतवैद्यांनाही, ती आधी दाखवायची आणि तीन गोष्टी विचारायच्या : हे खरंच लागणार आहे का, कमीत कमी किती दिवस पुरेल, आणि तेवढे दिवस व्हँकोमायसिनचा रोज एक डोस संरक्षण म्हणून सोबत घ्यायचा का.